टॅल्बर्ट, लोकसंख्या १४३

सॉर्टर क्रीक, वायोमिंग
१७ ऑगस्ट

मार्नी,

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते. त्यात काही चुकलं असेल तर क्रमांक देऊन दुरुस्त कर.

१. मार्चमध्ये रेल्वे कंपनीने तुझी सिग्नल-बांधकामाची तुकडी मोडली.

२. तुझ्यासमोर चार जागा होत्या. तू टॅल्बर्टची निवडलीस. त्या जागेवर मी सात वर्षं सिग्नल सांभाळत होते.

३. आपण दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलो. एकाच दिवशी लागलेल्यांत जो वयाने मोठा त्याचं नाव ज्येष्ठतेच्या यादीत वर, आणि वरच्याला खालच्याची जागा घेता येते. तू दोन वर्षांनी मोठी आहेस. जागा तुझी झाली.

४. माझ्या क्रमांकाला उरलेली सर्वांत जवळची जागा घरापासून चारशे मैलांवर होती. मी तिथे आले.

५. शनिवारी, ९ ऑगस्टला, मी न कळवता टॅल्बर्टला आले. रुळांवरून जाणाऱ्या रस्त्याच्या पुलावर गाडी थांबवली. रुळांवर चालणारी कंपनीची पिकअप पूर्वेला, नदीच्या पुलाकडे, जाताना पाहिली. तू चालवत होतीस. शेजारी डॅड बसले होते.

६. मी घरी न येता परत फिरले. वाटेत पुलाजवळच्या व्हर्नाच्या कॅफेत कॉफी घेतली.

हे कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर तू हसतेस आणि हसता हसता विषय बदलतेस. कागदावर तसं करता येत नाही.

क्रमांक ४ बद्दल थोडं. फेब्रुवारीत कॉर्डेलची जागा निघाली होती. टॅल्बर्टपासून चाळीस मैल. घरून जाऊन-येऊन करता आली असती. मी अर्ज केला नाही. नाताळात जेवताना मी तुला विचारलं होतं, तुमची तुकडी मोडली तर कुठे जाशील. तू तुझ्या ताटातला बटाटा माझ्या ताटात ढकलत म्हणालीस, "टॅल्बर्टला तर मेले तरी नाही. तिथे माणसं कमी आणि मांजरं जास्त." डॅडसुद्धा हसले. मी ते खरं धरलं. यादीत आपल्या वर असलेल्या माणसाचं तोंडी बोलणं रेल्वेत कोणी खरं धरत नाही. मी धरलं, कारण तो माणूस म्हणजे माझी बहीण होती. मार्चमध्ये तू माझी जागा घेतलीस, म्हणजे रेल्वेच्या भाषेत मला धक्का दिलास. हा शब्द आपण दोघींनी किती वेळा हसत वापरला आहे, दुसऱ्यांबद्दल. "बिचाऱ्या डेलला धक्का बसला, आता बायकापोरं घेऊन जाईल वाळवंटात." कॉर्डेल सोडलं ही चूक माझी. तिचा जाब तुला विचारत नाही.

क्रमांक ५ चा विचारते.

डॅडना मी लांबून ओळखलं ते खिडकीबाहेर काढलेल्या कोपरावरून. थंडी असो, धूळ असो, कोपर बाहेर. पिकअप सावकाश चालली होती. ते तुला हाताने काहीतरी दाखवत होते आणि तू मान हलवत होतीस. त्यांना इतकं बोलताना मी पाहिलेलं नाही.

सात वर्षं, दर वसंतात, ते मला विचारायचे. "लिन, एकदा पुलापर्यंत ने की. नुसता बसून राहीन. तोंडातून शब्द काढणार नाही."

मी म्हणायचे, "डॅड, कंपनीचा माणूस नसेल त्याला त्या गाडीत बसवता येत नाही. तुम्हाला नियम माहीत आहे."

"मी कंपनीचा माणूस नाही?"

"निवृत्त झालात."

मग ते रेडिओ लावायचे आणि हवामान ऐकायचे.

त्या पुलावरचे लाकडी स्लीपर शेवटचे बदलले ते त्यांच्या टोळीने, आपण शाळेत असताना. नंतर त्यांचे गुडघे गेले. पुलाकडे जायला रस्ता नाही, फक्त रूळ आहे. हे तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण त्यांना गाडीत घेताना हे सगळं तुझ्या मनात होतं, की हवा चांगली होती म्हणून तू घेऊन गेलीस, हे मला कळायला हवं.

इथे माझ्या खोलीच्या भिंतीवर टॅल्बर्टचा नकाशा आहे. मीच काढला, एप्रिलमध्ये, मोजपट्टी घेऊन. दोन मुख्य रूळ, तिसरा गाड्या बाजूला घ्यायचा, चौथा धान्याच्या कोठाराकडे जाणारा. गाव रुळांना समांतर आखलेलं आहे, त्यामुळे भोवतालच्या शेतरस्त्यांशी त्याचा काही मेळ नाही. प्रत्येक रस्ता गावात शिरताना वाकतो. उत्तरेची घरं उंचावर, दक्षिणेची ओढ्याच्या पातळीला. प्रत्येक घराच्या चौकोनात मी आत राहणाऱ्यांचा आकडा लिहिला आहे, आणि फोनवर काही कळलं की पेन्सिलने बदलते. मे महिन्यात श्मिटबाईंच्या चौकोनात २ होता, तिथे १ केला. वेशीवरच्या हिरव्या पाटीवर १४३ लिहिलं आहे. माझी बेरीज १३९ येते. डॅडची कधीच दीडशेच्या खाली येत नाही, कारण रेल्वेच्या विश्रांतिगृहात झोपून पुढच्या गाडीवर कामाला जाणारे सगळे ते धरतात. "जो इथे झोपतो आणि इथे दाढी करतो तो इथला," म्हणतात.

आपल्या घराच्या चौकोनात मी काहीच बदललं नाही. तिथे २ होते. मी गेले, तू आलीस. २ आहेत. गावाला काही फरक पडला नाही.

व्हर्नाचंही लिहून टाकते. ती म्हणाली, "अगंबाई, लिनेट! बस, बस. कप सगळे धुवायचेत, तुला मार्नीच्या मगमध्ये देते." मी वर पाहिलं. भिंतीवरच्या खिळ्यांना नेहमीच्या लोकांचे मग, प्रत्येकावर नाव. शेवटच्या रांगेत मार्नी. मी सात वर्षं पाहुण्यांच्या पांढऱ्या कपात प्यायले.

"माझा कधी लावला नाहीस, व्हर्ना."

"तू कधी मागितलास?"

"मार्नीने मागितला?"

"ती कसली मागते! आली तीच मग आणि हातोडी घेऊन. स्वतः खिळा ठोकला, वर मलाच म्हणते, हे बाकीचे खिळे काय चिकटवलेत का थुंकीने?"

कॉफी मी कागदी पेल्यात घेतली.

लिनेट


३० ऑगस्ट

मार्नी,

तुझं पत्र सोमवारी आलं, आणि फोनवरचा तुझा संदेश गुरुवारी. दोन्ही एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटत नाहीत. आधी पत्राचं उत्तर.

तू लिहितेस की सहाही मुद्दे बरोबर आहेत. मग लिहितेस: "बाकीच्या तीन जागी ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं, लिन. अकरा वर्षं मोटेलात राहून मला एकटं राहायचा कंटाळा आला होता. तू चिडणार हे माहीत होतं. तरी आले." हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. खोटं काही नाही त्यात. तुला एकटं राहायचा कंटाळा आला, म्हणून आता मी एकटी राहते. एवढंच ते.

डॅडना पुलाकडे का नेलंस, याचं उत्तर तू एका ओळीत दिलंस: "ते खिडकीत बसले होते, मी म्हटलं चला." त्यांनी विचारलंही नव्हतं. मला सात वसंत विचारलं.

तू लिहितेस की जुन्या गुरांच्या कोंडवाड्यामागे रानटी प्लमची जाळी आहे, डॅडनी दाखवली, तुम्ही बादली भरून आणलीत आणि जॅम करताना पातेलं जाळलंत. माझ्या नकाशात त्या जागी 'झुडूप' आहे. तिथून दहा पावलांवर सिग्नलची पेटी आहे. मी दर महिन्याला ती उघडून तपासत होते. पेटीतली प्रत्येक तार मला डोळे मिटून सांगता येईल. शेजारी प्लम होते हे मला कोणी सांगितलं नाही. मी पेन्सिलने 'प्लम' लिहिलं आणि खोडलं. माझ्या नकाशावर तुझी माहिती नको.

मग तू लिहितेस की जॅमची एक बाटली डॅडनी "लिनसाठी" म्हणून वरच्या फळीवर ठेवली आहे. हे खरं आहे, की मला बरं वाटावं म्हणून तू घातलेलं वाक्य आहे? तू लहानपणीही असंच करायचीस. मॉमचं पत्र वाचून दाखवताना माझं नाव मध्येच घालायचीस. ते मला कळायचं. शब्द बदलला की तुझा आवाज बदलायचा. कागदावर आवाज नसतो, त्यामुळे आता कळत नाही.

आणि डॅड. दर रविवारी फोन करतात आणि ओरडतात, कारण आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कोणालाच येत नाही अशी त्यांची समजूत आहे. "मार्नी दिसली की इंजिनवाली पोरं दोनदा भोंगा मारतात! टूक, टूक! अख्ख्या गावाला कळतं ती कुठे आहे!" मी म्हटलं, छान. सात वर्षांत माझ्या हद्दीतला एक सिग्नल गाडी अडवून बंद राहिला नाही. मला कोणी भोंगा मारला नाही. तशी अपेक्षाही नव्हती. पण आता तुला मारतात हे कळल्यावर, ती होती असं वाटतं.

आता संदेश. तू लिहिलंस: "ट्रेंटने बोलावलं होतं. डॅड गाडीत होते हे त्याला कळलंय. बघायला पुलावर तूच होतीस. शाब्बास, लिन. ये आता घरी, जागा रिकामी होतेय."

उत्तर: नाही. ट्रेंट माझाही साहेब होता, पण मी त्याला सांगितलं नाही, कंपनीत कोणाला सांगितलं नाही, इथे कोणाला सांगितलं नाही. नियम मोडल्याचं कळवण्याचा फोन क्रमांक सगळ्यांच्या हेल्मेटमध्ये आतून चिकटवलेला असतो, तसा माझ्याही आहे. ११ ऑगस्टला जेवणाच्या सुट्टीत मी हेल्मेट काढून तो क्रमांक वाचला. मग हेल्मेट घातलं.

मला सांगावंसं वाटलं का, हा वेगळा प्रश्न आहे. तो तू विचारलेला नाहीस.

लिनेट


६ सप्टेंबर

मार्नी,

तू माझे फोन घेत नाहीस, म्हणून हेही कागदावर. तुझ्या नोकरीशी संबंधित आहे, पूर्ण वाच.

बुधवारी ट्रेंटचा फोन आला. आधी हवेबद्दल बोलला, मग म्हणाला, "लिनेट, ९ ऑगस्टला तू टॅल्बर्टमध्ये होतीस?"

"होते."

"रस्त्याच्या पुलावर?"

"कोण म्हणालं?"

"व्हर्ना. मी आपला चिकन खात बसलो होतो, तिनेच विषय काढला. म्हणाली, बिचारी एकटीच उभी होती बगळ्यासारखी, मला वाटलं गाडी बंद पडली."

मी विचारलं, तक्रार कोणी केली. तो हसायला लागला. "तक्रार कोणी केलीच नाही गं. तुझ्या वडिलांनी फोन केला."

तो म्हणाला ते असं. त्या शनिवारी दुपारी कंपनीच्या तातडीच्या क्रमांकावर फोन आला, फाटकावरच्या निळ्या पाटीवर असतो तो. "झेलेंका, ट्रॅक फोरमन, टॅल्बर्ट. नदीचा पूल. पूर्वेच्या टोकाकडून दुसरा सांधा, एक बोल्ट तुटलाय, शेजारचा हलतोय. गाड्या दमाने सोडा आणि माणूस पाठवा." फोन घेणाऱ्या मुलीने लिहून घेतलं. गाड्या दमाने सोडल्या गेल्या. माणूस गेला. बोल्ट तुटलेला होता. काम झालं, कागद पुढे गेला, आणि दोन आठवड्यांनी वरच्या कोणाच्या तरी लक्षात आलं की टॅल्बर्टला झेलेंका नावाचा फोरमन नऊ वर्षांपासून नाही.

"रेकॉर्डिंग ऐकशील का?" ट्रेंट म्हणाला. "असला आवाज लावलाय म्हाताऱ्याने, ऐकताना मीच उठून उभा राहिलो."

"मग बक्षीस द्या त्यांना."

"द्यायलाच हवं. पण तो बोल्ट त्यांनी पाहिला कसा, हे मला लिहावं लागतंय. ते म्हणतात, मी चालत गेलो. लिनेट, तो माणूस पोस्टापर्यंत चालत जात नाही."

"मार्नी काय म्हणते?"

"काही नाही. युनियनचा माणूस घेऊन येते आणि गप्प बसते. पहिल्यांदाच तिला गप्प बसलेली पाहिली."

सुनावणी २२ तारखेला, सोमवारी. त्याआधी त्याला माझं लेखी निवेदन हवं आहे: मी काय पाहिलं. ते नाही दिलं तर चौकशीत माझंही नाव येईल. हे सगळं त्याने नेहमीच्या आवाजात सांगितलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "हे मी बोलायला नको. पण मार्नीची जागा सुटली तर यादीत पुढचं नाव कोणाचं आहे, तुला माहीत आहे."

मला माहीत आहे. मी टॅल्बर्टला यायचं असेल, तर मला फक्त खरं लिहायचं आहे. खोटं लिहून मिळणारी गोष्ट मी सहज सोडली असती. इथे खरं लिहून मिळते आहे.

गुरुवारी डॅडचा फोन आला. रविवार नसताना.

"लिन! त्या ट्रेंटला सांग, मी चालत गेलो!"

"डॅड, तुम्ही चालत नाही गेलात."

"तुला काय माहीत?"

"फोन कशाला केलात तुम्ही कंपनीला? मार्नीला सांगायचं, तिने कळवलं असतं."

"बोल्ट तुटलाय तर फोरमन कळवतो. सिग्नलवाल्यांनी कळवायचं नसतं."

"तुम्ही फोरमन नाही."

"मग बोल्ट तुटला नव्हता का?" ते म्हणाले, "सात वर्षं त्या पुलावरून जात होतीस. काय बघत होतीस?"

"माझं काम सिग्नलचं होतं, डॅड."

"डोळे तर तुझेच होते ना! आणि आता मला सांगते चालत नाही गेलात. तू होतीस का तिथे?"

"होते," मी म्हटलं. "रस्त्याच्या पुलावर."

या वेळी ते ओरडले नाहीत. साध्या आवाजात, ज्या आवाजात ते माझ्याशी फोनवर कधीच बोलत नाहीत, म्हणाले, "मग खाली का नाही आलीस?"

मी म्हटलं, आवाज तुटतोय. तुटत नव्हता.

मी फोन ठेवल्यावर तुझ्यावर पुन्हा रागावले. याचं कारण मला नीट सांगता येणार नाही. तू तिथे आहेस आणि फोन ठेवल्यावर ते ज्या खुर्चीत बसले ती तुला दिसत होती, एवढंच असेल.

निवेदन अजून दिलेलं नाही.

लिनेट


११ सप्टेंबर

मार्नी,

निवेदन आज सकाळी पाठवलं. तीनच वाक्यं आहेत, ती इथे उतरवते.

"९ ऑगस्टला मी टॅल्बर्ट येथील रस्त्याच्या पुलावर होते. कंपनीची पिकअप रुळांवरून पूर्वेकडे जाताना मी पाहिली. अंतरामुळे आत कोण होतं ते मला सांगता येत नाही."

तिसरं वाक्य खोटं आहे. नोकरीला लागल्यापासून कंपनीला मी लिहून दिलेलं हे पहिलंच खोटं वाक्य. लिहायला अवघड गेलं नाही, याचं आश्चर्य वाटलं.

दुपारी ट्रेंटचा फोन आला. "अंतरामुळे?" म्हणाला. "लिनेट, तू अर्ध्या मैलावरून सिग्नलची काच तडकलेली ओळखतेस."

"सिग्नल माझ्या ओळखीचे आहेत," मी म्हटलं.

तो म्हणाला, "तुम्ही झेलेंका लोक," आणि फोन ठेवला. तू यातून सुटशील असं समजू नकोस. डॅडचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे आहे, आणि नव्या बोल्टचा कागदही. युनियनच्या माणसाला पुलावरची पायी चालायची पत्र्याची पट्टी दाखव. एखादा म्हातारा चिकाटीने तिथवर पोचू शकतो असं त्याला म्हणता येईल. डॅडना चालायला लावू नका म्हणजे झालं.

आणि आभार मानू नकोस. हे तुझ्यासाठी केलेलं नाही. मी हिशेब केला तो असा. तू जाशील, मी येईन. तू कुठे जाशील ते तुझं तू बघशील, काढून टाकलेल्यांना यादीत क्रमांकच नसतो. मी माझ्या खोलीत झोपेन, माझ्या पेट्या उघडेन, कोणत्या रस्त्याला कुठे पाणी साचतं ते मला कोणाला विचारावं लागणार नाही. सकाळी डॅडना कॉफी देईन. आणि ते विचारतील, "मार्नीचा फोन आला का?" सात वर्षं रोज हेच विचारत होते. कॉफीआधी, कधी कधी गुड मॉर्निंगच्याही आधी. तू दोन महिन्यांतून एकदा फोन करायचीस. त्यानंतरचे दोन दिवस ते गावभर सांगत फिरायचे, मार्नी आत्ता कुठल्या राज्यात आहे. मी रोज त्यांच्यासमोर बसलेली असायचे. माझी बातमी कोणाला काय सांगणार.

तुला घालवून मी तिथे आले, तर ते तुझ्याबद्दल विचारणंही सोडून देतील. मग आम्ही दोघं गप्प बसू. हे मला नको आहे. मला टॅल्बर्ट हवं आहे; त्या टॅल्बर्टमध्ये तू नसावीस आणि डॅडना तुझी आठवण येऊ नये, असंही हवं आहे. तसं टॅल्बर्ट कोणत्याच यादीत निघत नाही.

आता त्यांना घरात तू मिळाली आहेस. माझा फोन आला का, असं ते तुला सकाळी विचारतात का? तू कधी लिहिलं नाहीस. मी विचारत नाही. वरचं वाक्य वाचून सोडून दे.

हे पत्र तुझ्या हातात आहे. ट्रेंटला दाखवलंस तर तुझ्याआधी माझी जागा जाईल. तू दाखवणार नाहीस असं मी धरून चालते. याआधी असंच एकदा धरलं होतं, तरीही.

मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. त्या दिवशी रस्त्याच्या पुलावरून मला पिकअप वळणापर्यंत दिसली. त्यापुढे कोठार आड येतं. नदीच्या पुलावर काय झालं ते मला माहीत नाही. डॅडना विचारलं, तर ते बोल्टाचं सांगतात, मोजमापासह. पण बोल्ट दिसायच्या आधी ते तिथे पोचले होते, आणि आधी काहीतरी पाहिलं असेल, काहीतरी बोलले असतील. नऊ वर्षांनी आपलं काम पाहणारा माणूस गप्प बसत नाही. निदान तुझ्याबरोबर असताना तरी.

ते खाली उतरले का, तू हात दिलास का, कुठे उभे राहिले, आणि काय म्हणाले, ते लिही. जसं म्हणाले तसं. शिवी दिली असेल तर शिवीसकट. ते रडले असतील तर तेही लिही, नसतील तर रडवू नकोस. तुझं बोलणं लिहायची गरज नाही. आणि मला बरं वाटावं म्हणून माझं नाव त्यात घालू नकोस. आलं नसेल, तर आलं नाही.

शनिवारी, २० तारखेला, मी टॅल्बर्टला येते आहे. या वेळी घरी. त्यांच्यासमोर बसण्याआधी मला हे माहीत असायला हवं. तुझं उत्तर शुक्रवार, १९ सप्टेंबरपर्यंत माझ्या हातात पडेल, असं पाठव.

लिनेट